बर्फाचा वाफसा

मला परदेशी पाठवलं ते यंत्रं शिकायला, बर्फावर घसरायला नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पिंपरीच्या आमच्या कारखान्यात माझी ओळख झाली ती यंत्रांमुळे कमी आणि बर्फामुळे जास्त.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं होती. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. दोन कारखान्यांच्या मधे अजून ज्वारी असायची आणि पाखरं हाकायला मचाणावर माणूस बसलेला असायचा. आमचं घर भोसरीचं. थोडी काळी, थोडी मुरमाड अशी वडिलांची जमीन होती, त्यात बाजरी, ज्वारी, भुईमूग. घरातला शिकलेला मी पहिलाच. पुण्यात राहून डिप्लोमा केला आणि पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. रोज सायकलने जायचो, सायकलनेच यायचो. कारखान्याने स्वित्झर्लंडहून चार मोठी यंत्रं मागवली होती. ती इथे येण्याआधी आमच्यातल्या एकाने वर्षभर तिकडे राहून ती उलगडायला आणि जोडायला शिकावं, असं साहेबांनी ठरवलं. मला बोलावून विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हणालो. मग तूच जा, म्हणाले. निवड एवढ्यावरच झाली.

आईने तिकडची थंडी कधी पाहिलेली नव्हती, पण तिला ती पक्की ठाऊक होती. तिने घरातलं सगळ्यात जाड घोंगडं घडी करून माझ्या ट्रंकेत कोंबलं आणि वरून पाय देऊन ट्रंक बंद केली. वडील मुंबईपर्यंत आले. बोट बघून म्हणाले की चांगली रुंद आहे, बुडणार नाही. एवढं बोलून ते परतीच्या गाडीला गेले.

मी पोचलो ते गाव दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद खोऱ्यात होतं. यंत्रांचा कारखाना नदीकाठी. मला एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. तरुणपणी त्यांनी इंग्रज पाहुण्यांच्या हॉटेलात काम केलं होतं, त्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं, आणि ते माझ्या इंग्रजीइतकंच मोडकं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बूट दाराशी काढायला लावले. आमच्याही घरी तसंच असतं, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

कारखान्यात मला शिकवायला एक फोरमन होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोटं काकडीएवढी जाड. पण त्या बोटांना यंत्राची नस कळायची. फिरत्या बेअरिंगवर हात ठेवून ते किती तापलंय हे तो अचूक सांगायचा आणि मलाही सांगायला लावायचा. त्याचं माझ्यावर मनापासून प्रेम होतं. त्या प्रेमापोटीच डिसेंबरात बर्फ पडल्याबरोबर त्याने जाहीर केलं की मी स्की शिकलो नाही तर माझं शिक्षण अपुरं राहील. इथला हिवाळा घरात बसून काढणारा माणूस वेडा होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने आपल्या जुन्या लाकडी स्की मला आणून दिल्या. माझ्या उंचीपेक्षा हातभर लांब अशा दोन फळ्या, पुढे वर वळलेल्या, मधे बूट जखडायला तार. सोबत दोन काठ्या. बूट त्याच्या धाकट्या भावाचे. ते मला मोठे होत होते, म्हणून आत दोन जोड मोजे.

भरहिवाळ्यातला तो बर्फ मी कधी विसरणार नाही. खोऱ्यात ऊन यायचंच दहा वाजता आणि दोनच्या सुमारास डोंगराआड जायचं. हवा इतकी कोरडी आणि गार की श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. नवा पडलेला बर्फ पिठासारखा कोरडा, पायाखाली करकर वाजणारा. तो हातात घेऊन त्याचा गोळा करू म्हटलं तर होत नसे, बोटांतून सांडून जायचा. फोरमनला त्या पिठात शिरायची इतकी हौस की तो गुडघ्यापर्यंत बुडालेला उतारावरून यायचा तेव्हा त्याच्या मागे धुरळा उडायचा, आणि खाली येऊन थांबला की मिशांना बर्फ चिकटलेला हा मोठा माणूस लहान मुलासारखा हसायचा.

मला मात्र त्या पिठात वळताच येत नसे. फळ्या आत कुठेतरी एकमेकींवर चढायच्या आणि मी तोंडावर पडायचो. पडलं की मानेतून, बाह्यांतून बर्फ आत. उठायला जावं तर हाताखाली आधारच नाही, हात खांद्यापर्यंत आत जायचा. आणि जिथे लोकांनी घसरून घसरून बर्फ दाबून टाकलेला असायचा तिथे तो फरशीसारखा टणक. त्यावर फळीची कड रुतायचीच नाही, खरडत जायची, आणि त्या आवाजाने माझ्या दातांना कळ यायची. पाच-सहा वर्षांच्या पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात. त्यातली एक थांबून मला उठवायला हात द्यायची, ते जास्त लागायचं.

तरी मी दर रविवारी गेलो. जानेवारीचे सगळे रविवार गेलो. मला वाटत होतं की नाही म्हटलं तर फोरमनचा अपमान होईल, आणि आपल्या देशाचाही थोडा होईल. बोटं बधिर होऊन जात. घरी येऊन ती कोमट पाण्यात घातली की अशा कळा यायच्या की डोळ्यांतून पाणी काढायच्या. रात्री आईचं घोंगडं घरमालकीणबाईंच्या पिसांच्या रजईवर घालून झोपायचो.

फेब्रुवारीच्या पहिल्या की दुसऱ्या रविवारी, ऊन डोंगराआड गेल्यावर, फोरमन म्हणाला की अजून एकदा जाऊ. मी दमलो होतो, पण गेलो. उताराच्या मध्यावर निळसर चमकणारा एक पट्टा होता. दुपारी तिथे ऊन पडून वरचा बर्फ ओलसर झाला होता आणि सावली येताच गोठून काच झाला होता. मी त्यावर गेलो आणि माझ्या हातात काही उरलं नाही. फळ्या सुटल्या ते थेट कुरणाच्या कुंपणापर्यंत. कुंपणाचा खांब आणि माझा गुडघा यांची गाठ पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. फोरमनने मला पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात माझ्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं, आणि तीन आठवडे मी बसून काम केलं. स्की मी घराच्या तळघरात नेऊन ठेवल्या. आता हे पुरे, असं मनाशी ठरवलं. घरी लिहिलेल्या पत्रात यातलं काही आलं नाही.

घरमालकीणबाईंनी हे सगळं पाहिलं होतं. गुडघ्याला लावायला त्या रोज गरम पाण्याची पिशवी द्यायच्या. मार्च संपत आला तेव्हा खोऱ्यातला बर्फ वितळला होता, रस्त्यांवर चिखल होता आणि घरांच्या वळचणींतून दिवसभर थेंब पडायचे. एका संध्याकाळी सूप वाढता वाढता त्यांनी विचारलं की गुडघा कसा आहे. बरा आहे, म्हणालो. मग म्हणाल्या, येत्या रविवारी काही काम आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की वर डोंगरात अजून भरपूर बर्फ आहे आणि त्या जाणार आहेत. मला वाटलं, फिरायला जाणार असतील. त्या म्हणाल्या, स्की घेऊन.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. साठीची बाई, केस पांढरे झालेले. मी सांगितलं की मला काही ते जमत नाही, मी जानेवारीभर करून पाहिलं.

"जानेवारी त्या फोरमनचा आहे," त्या म्हणाल्या. "तो त्याला राहू द्या. तुम्ही माझ्याबरोबर एप्रिलमध्ये या."

रविवारी पहाटेच्या बसने आम्ही खोऱ्याच्या टोकाच्या गावी गेलो. तिथून पुढे चढ. बाईंनी स्कीच्या तळाला कातड्याच्या लांब पट्ट्या बांधायला शिकवलं. त्या पट्ट्यांवरचे केस मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे फळी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. अडीच तास आम्ही सावकाश चढलो. बाई पुढे, मी मागे. त्यांचा वेग बैलगाडीचा होता, पण तो कुठेही कमी झाला नाही. पायाखालचा बर्फ खडखडीत होता, काठीचं टोक टकटक वाजत होतं. मला कुंपणाचा तो खांब आठवत होता. मनात म्हणत होतो, हा तर तोच बर्फ.

वर गुराख्यांची एक लाकडी झोपडी होती, उन्हाळ्यात वापरायची. तिच्या पूर्वेकडच्या भिंतीला बाक होता आणि त्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं. बाई बाकावर बसल्या, पिशवीतून पाव, चीज आणि दोन संत्री काढली. मी उभाच. उतरायचं कधी, असं विचारलं. थांबायचं, म्हणाल्या. ऊन इतकं ऊबदार होतं की मी आधी कोट काढला, मग स्वेटर. बर्फात सदऱ्यावर बसलेला मी, हे माझं मलाच खरं वाटेना.

दर पंधरा-वीस मिनिटांनी बाई उठत, चार पावलं पुढे जाऊन काठीचं टोक बर्फात दाबून बघत आणि परत येऊन बसत. "अजून नाही," एवढंच म्हणत. तिसऱ्या वेळी मी विचारलं की काय बघता. त्यांनी समजावलं. या दिवसांत बर्फ रात्री गोठून दगड होतो. सकाळी उन्हाने वरचा थर सैल व्हायला लागतो. तो बोटभर सुटला, आणि खालचा टणकच राहिला, की ती वेळ. त्याआधी गेलं तर काच, आणि तास-दीड तास उशीर केला तर सगळंच खचतं, फळी पकडून ठेवतं. मधला काळ थोडा असतो. तो चुकवायचा नाही.

मी हातातलं संत्रं खाली ठेवलं. हे मला आधीपासून ठाऊक होतं. पावसाची झड उघडली की माझे वडील रोज सकाळी रानात जात, मूठभर माती उचलून दाबत आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडत. गोळा तसाच राहिला तर परत घरी. फुटून भुगा झाला की म्हणत, वाफसा आला. मग घरात कोणाला उसंत नसे. शेजारचे लोक दोन दिवस आधीच औत घालत आणि वडील बांधावर नुसते उभे राहत, कोणी काही म्हटलं तरी हलत नसत. ओल्या मातीत घाई केली की चिखल तुडवला जातो, उशीर झाला की ढेकळं.

मी बाईंना हे सांगू लागलो. इंग्रजीत वाफशाला शब्द सापडेना, जर्मन तर मला यंत्रांपुरतंच येत होतं. शेवटी हातवारे करून, मूठभर बर्फ घेऊन दाबून दाखवला. त्यांना ते कळलं. त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि स्वतः म्हणून पाहिला, "वाप्सा." मग काठी घेऊन उठल्या. या वेळी टोक बोटभर आत गेलं आणि थांबलं. त्या वळून मला म्हणाल्या, "वाप्सा."

आधी त्या उतरल्या. रुंद, आरामशीर वळणं घेत, कुठेही घाई नाही. शंभरेक पावलांवर थांबून त्यांनी काठी वर केली. मी निघालो. फळी वळवली आणि ती वळली. एवढंच झालं, पण जानेवारीभर जे एकदाही झालं नव्हतं ते झालं. वरचा बोटभर बर्फ राळ्याच्या दाण्यांसारखा सुटा झाला होता, त्यात कड अलगद बसायची, आणि खाली घट्ट जमीन असावी तसा आधार. आवाजही निराळा. दात आंबवणारी ती खरड नव्हती, रवा चाळताना होतो तसा सूंऽ सूंऽ आवाज. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, पुन्हा डावीकडे. वारा अंगाला लागत होता आणि तो गार नव्हता. बाईंच्या जवळ येऊन थांबायला गेलो आणि पडलो, पण ते पडणं ओल्या वाळूत पडल्यासारखं. मी पडल्या पडल्या हसायला लागलो. बाई पण हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एकदा खाली जाऊन, कातडं बांधून आम्ही अर्ध्यापर्यंत परत चढलो आणि दुसऱ्यांदा उतरलो. तिसऱ्यांदा जाऊ या, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. मला दाखवायला म्हणून उताराच्या कडेला काठी टेकवली, ती निम्मी आत गेली. वेळ संपली होती. शेवटचा टप्पा आम्ही स्की खांद्यावर टाकून चालत उतरलो. बर्फ संपतो तिथे ओलं पिवळं गवत होतं आणि बर्फाच्या अगदी कडेला, काही ठिकाणी बर्फातूनच, बारकी जांभळी फुलं वर आली होती.

सोमवारी माझं नाक आणि ओठ सोलले गेले होते. सावळ्या माणसालाही ऊन लागतं हे कारखान्यातल्या लोकांना नवीनच होतं. पाहायला दुसऱ्या खात्यातलेही येऊन गेले.

त्यानंतरचे चार रविवार आम्ही गेलो. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्याच बाकावर बसून बाईंनी स्वतःहून नवऱ्याबद्दल सांगितलं. तो भरहिवाळ्याचा माणूस होता. नवा बर्फ पडला की त्याला घरात थारा नसे. लग्नानंतर त्याने त्यांनाही शिकवायला घेतलं, जानेवारीत, सावलीच्या उतारावर. त्या गारठायच्या, पडायच्या, आणि तो पुढे जाऊन वाट बघत उभा राहायचा. दोन हिवाळे त्यांनी केलं आणि सोडून दिलं. वीस वर्षं तो एकटा जात राहिला. पुढे आजारी पडून गेला. त्यांचं वय तेव्हा बावन्न. त्या वर्षी एप्रिलमध्ये घर आवरताना त्यांना तळघरात आपल्या जुन्या स्की दिसल्या. टाकून देण्याआधी एकदा वर जाऊन यावं म्हणून एकट्याच गेल्या. ऊन होतं. जमलं.

"मला वीस वर्षं वाटत होतं की मला येत नाही," त्या म्हणाल्या. "मी चुकीच्या महिन्यात शिकत होते."

मी विचारलं, मग नवऱ्यावर राग आला का? त्यांनी थोडा विचार केला. राग नाही, म्हणाल्या. त्याला थंडीच आवडायची, दुसऱ्याला आवडणार नाही हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तो या बाकावर एकदा बसला असता तर बरं झालं असतं, इतकंच वाटतं. मग त्यांनी उरलेल्या संत्र्याची एक फोड मला दिली आणि काठी टेकवून बघायला उठल्या.

शेवटच्या रविवारी फोरमन आला. मी गुडघ्यासकट पुन्हा उतारावर जातो हे त्याला कळलं होतं, आणि आधी त्याने ते थट्टेवारी नेलं होतं. वसंतातलं स्कीइंग म्हणजे म्हाताऱ्या बायकांचं काम, असं त्याचं मत. बाकावर आमच्याबरोबर तासभर बसणं त्याला जड गेलं. पण वेळ झाल्यावर तो आमच्या मागून उतरला आणि खाली आला तेव्हा सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या होत्या. मी सलग बारा वळणं घेतली, ती त्याने उभं राहून मोजली. माझ्या पाठीत एक धपका घातला, मी पडता पडता वाचलो. मग बाईंकडे बघून म्हणाला, "छान आहे. पण हा काही बर्फ नव्हे."

बाईंनी त्याला संत्रं दिलं.

मी परत आलो ते पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी. यंत्रं त्यानंतर महिन्याभराने आली. घरी माझ्या ट्रंकेत सगळ्यांना हवं असलेलं काही ना काही होतं, पण सगळ्यात जास्त हाताळला गेला तो एक फोटो. झोपडीसमोर, बर्फात, सदऱ्यावर, पायांत फळ्या घालून मी उभा आहे. तो बाईंनी काढलेला. आईने तो उजेडाला धरून बराच वेळ बघितला.

"ह्यो बर्फच हाय न्हवं?" तिने विचारलं.

व्हय, म्हणालो.

"आन् तू नुस्त्या सदऱ्यावर. म्हंजी माजं घोंगडं उगाच न्हेलंस."

तिला जानेवारीची हकीकत सांगून समजूत काढावी लागली. गुडघ्याचंही तेव्हाच सांगितलं. ती रागावली, पण घोंगडं कामी आलं म्हणून थोडी खूशही झाली.

वडिलांना बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद. चैत्रातली आसपासची एकही जत्रा त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांनी फोटोतल्या फळ्यांवर बोट ठेवून विचारलं की वढायला बैल न्हाई, तर पळतंय कशानं. उतारानं, मी सांगितलं. मग थांबवत्यात कसं? फळ्या आडव्या करून. पडत्यात का लोक? लई पडत्यात. हे त्यांना पटण्यासारखं होतं. मग मी त्यांना बाईंच्या काठीचं सांगितलं. सकाळी दगड, दुपारी चिखल, आणि मधे तास-दीड तास. वडील ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते ते सरळ झाले.

"वाफसाच की त्यो," ते म्हणाले.

मी म्हणालो की मीही तेच म्हटलं आणि बाई आता तसंच म्हणतात. त्यांनी विचारलं, त्या बाईला शेती हाय का? न्हाई, म्हणालो. मग तिला कसं कळलं? मी सांगितलं की ती आठ-दहा वर्षं एकटी तिथे बसून बघते आहे. वडिलांनी मान डोलावली. त्या दिवसापासून घरात कोणी स्वित्झर्लंडचा विषय काढला की ते घड्याळं आणि चॉकलेटं सोडून त्या बाईबद्दल बोलत. घाई न करणारं माणूस त्यांना मनापासून आवडायचं.

कारखान्यात मात्र मी जानेवारीचीच गोष्ट सांगायचो. पोरी सुळकन निघून जातात, मी खांबावर आदळतो, फोरमन मला पाठुंगळी घेतो. कँटीनमध्ये ती दर दोन-चार दिवसांनी सांगावी लागे आणि दर वेळी हशा होई. एप्रिलची गोष्ट तिथे सांगून पाहिली होती एकदा. ऊन होतं, बर्फ मऊ होता, बरं वाटलं, एवढ्यात ती संपली. सुखाच्या गोष्टीला कँटीनमध्ये गिऱ्हाईक नसतं. मला लोक बर्फवाले म्हणू लागले आणि मी ते चालवून घेतलं.

दोन वर्षांनी आणखी यंत्रं मागवली गेली आणि दुसऱ्या एका इंजिनियरला तिकडे पाठवायचं ठरलं. तो कोकणातला, खाडीकाठच्या गावचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. साहेबांनी त्याला माझ्याकडे पाठवलं, काय न्यायचं, कसं राहायचं ते विचारून घे म्हणून. मी त्याला यंत्रांचं सांगितलं, फोरमनचं सांगितलं, बाईंना पत्र लिहून त्याच्यासाठी माझीच खोली ठरवली. आणि शेवटी बजावलं की फोरमन तुला डिसेंबरात ओढून नेईल, त्याला नम्रपणे नाही म्हण. हातपाय मोडून घेऊ नकोस. एप्रिलपर्यंत थांब, आणि बाई म्हणतील तेव्हा जा. त्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं.

वर्षाने तो परतला तो एप्रिलातच. दुपारी कँटीनच्या पत्र्याखाली बसलो होतो, पत्रा तापून तडतडत होता, कपातला चहा निवतच नव्हता. मी उत्सुकतेने विचारलं, काय रे, वर गेलास की नाही?

तो म्हणाला, "गेलो तर. पण खरं सांगू? तुमच्या त्या मऊ बर्फात काय मजा नाय हो."

त्याने माझं ऐकलं नव्हतं. फोरमनने बोलावलं आणि हा डिसेंबरातच गेला. लहानपणापासून होडीत उभं राहून वाढलेला, त्याला तोल शिकवावा लागला नाही. तिसऱ्या रविवारी तो कोरड्या पिठात फोरमनच्या मागोमाग उतरत होता. थंडीबद्दल विचारलं तर म्हणाला, थंडी होती, पण अंगात काहीतरी पेटल्यासारखं व्हायचं. आजूबाजूला आवाज म्हणून नाही, आपण पाण्यावर नाही आणि जमिनीवरही नाही, असं वाटायचं. येण्याआधी मार्चअखेर बाईंनी त्याला बाकावर नेऊन बसवलं, संत्रं दिलं. त्याला तासभर बसून कंटाळा आला. मग ओला बर्फ फळ्यांना चिकटला, आणि त्याला ते भरती ओसरल्यावर गाळातून चालल्यासारखं वाटलं.

मी म्हणालो, तू वेळ चुकवली असशील. तो म्हणाला, वेळ बाईंनीच सांगितली होती, तिथे चूक नव्हती. मी म्हणालो, मार्चमध्ये नीट होत नाही, एप्रिलमध्ये हवं. तो म्हणाला, फोरमन म्हणतो तेच खरं, तो बर्फच नव्हे. हे ऐकून मला खरंच राग आला. मी त्याला राळ्याच्या दाण्यांचं सांगितलं, चाळणीच्या आवाजाचं सांगितलं. त्याने धुरळ्याचं सांगितलं, गुडघाभर पिठात वळताना फळ्या कशा तरंगतात ते सांगितलं. मी टेबलावर बशी तिरकी धरून उतार केला. त्याने दोन चमचे घेतले आणि बशीवरून वळवून दाखवले. दुसऱ्या टेबलावरचे लोक आधी ऐकत होते, मग एकमेकांकडे बघू लागले. बाहेर रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं, रस्त्याने माणूस म्हणून दिसत नव्हता, आणि आत दोन शहाणीसुरती माणसं कुठला बर्फ चांगला यावर हमरीतुमरीवर आलेली.

शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा उठलो. दोघं खात्याकडे निघालो. दाराशी आल्यावर तो म्हणाला की बाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि सांगितलंय की या वर्षी सात रविवार मिळतील असं दिसतं. मी विचारलं, त्यांचे गुडघे ठीक आहेत ना? ठीक आहेत, म्हणाला, माझ्या आधी वर पोचल्या.

ते ऐकून मला फार बरं वाटलं. पुढे तो आणि मी वीसेक वर्षं एका खात्यात होतो, आणि त्या वादात कोणी हरलं नाही. उन्हाळा वाढला की आमच्यापैकी एक जण चहाच्या वेळी हळूच विषय काढायचा, आणि दुसरा खुर्ची पुढे ओढायचा.